गाडीतल्या इनबिल्ट नॅव्हिगेशनवर पुणे-गुहागर-गणपतीपुळे रूट कसा लावायचा?

चिंचगूळ:
नमस्कार मंडळी. चार महिन्यांपूर्वी सेकंड हँड सेडान घेतली, २०१७ चं मॉडेल, तिच्यात कंपनीचंच नॅव्हिगेशन आहे, एसडी कार्डवालं. आधीच्या मालकाने ते कधी उघडलंच नसावं कारण होम ॲड्रेस पण रिकामा होता. डिसेंबरमधे आईबाबांना घेऊन चार दिवस जायचंय, पुणे ते गुहागर (व्याडेश्वर आमचं कुलदैवत), तिथून गणपतीपुळे, मग कोल्हापूरला अंबाबाई आणि परत पुणे. चालवणारी मी एकटीच. बाबा शेजारी बसून फोन धरणार पण त्यांना ७२व्या वर्षी फोनवरचा मॅप बघून डावं-उजवं सांगायला लावणं म्हणजे आमच्या दोघांचं भांडण ठरलेलंच. शिवाय मागच्या वेळी घाटात नेटवर्क गेलं आणि फोनवरचा रूट चुकून बंद केला तो परत लागलाच नाही. म्हणून म्हटलं गाडीत एवढी मोठी स्क्रीन आहे तर ती वापरू.

पण काल पार्किंगमधे बसून प्रयत्न केला आणि डोकं उठलं. गुहागर टाकलं तर मला भोरवरून वरंधा घाटाने नेतंय, मला तिथून जायचं नाहीये, उंब्रज-पाटण-कुंभार्लीने जायचंय. आमचा होमस्टे सापडतच नाही. गुहागर ते गणपतीपुळे टाकलं तर तवसाळ-जयगड फेरीबोट सोडून भलत्याच लांबच्या रस्त्याने फिरवतंय. आणि सगळ्यात मजा म्हणजे आधी चुकून खेड सिलेक्ट केलं तर नॅव्हिगेशनमधली बाई पुण्याजवळच्या खेडला, म्हणजे राजगुरुनगरला निघाली. हे सगळं एकाच ट्रिपमधे कसं बसवायचं कोणी सांगेल का? की नादच सोडू?

स्टेपनी:
नाद सोडा. १५० रुपयाचा मोबाइल होल्डर घ्या, फोन लावा, विषय संपला. २०१७ चा मॅप घेऊन २०१७ मधेच फिरता येतं 😄

विदर्भवाला:
स्टेपनी भाऊ बरोबर बोलले, माझा अनुभव ऐका. माझ्या गाडीतलं पण जुनंच कार्ड. नागपूरहून समृद्धीवर चढलो, नागपूर-शिर्डीचा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मधे सुरू झाला आणि माझा मॅप त्याच्या आधीचा, त्यामुळे स्क्रीनवर माझी गाडी कपाशीच्या शेतातून १२० ने चाललीय आणि ती बाई दर दोन मिनिटाला यू टर्न घ्या म्हणतेय. समृद्धीवर यू टर्न! तिथे एक इंटरचेंज चुकला तर पुढचा येईपर्यंत माणूस गाणी म्हणत बसतो. आता तर तो रस्ता जून २०२५ पासून पुढे ठाण्याकडे आमण्यापर्यंत पूर्ण झालाय, ७०१ किलोमीटर. माझ्या स्क्रीनवर त्यातला एक किलोमीटर पण नाही. शेवटी बाईचा आवाज बंद केला आणि नुसतं कंपास म्हणून वापरलं, पूर्व कुठे पश्चिम कुठे एवढं मात्र अचूक सांगते.

घाटमाथा:
थांबा थांबा, एवढ्यात निकाल लावू नका. मी गेली नऊ वर्षं इनबिल्टच वापरतोय, कोकणात तर हमखास. चिंचगूळ ताई, तुमचा प्रॉब्लेम मशीनचा कमी आणि अपेक्षेचा जास्त आहे. तुम्ही तिला विचारताय की कुठून जाऊ. ते तिला विचारायचंच नाही. कुठून जायचं ते आपण घरी चहा पिताना ठरवायचं आणि तिला फक्त सांगायचं की बाई गं, मी इथून जाणारे, वळण आलं की आवाज दे. असं वापरलं तर जुना मॅप पण ८० टक्के कामाचा आहे, कारण कुंभार्ली घाट काय २०१७ नंतर बांधलेला नाही.

आता ती वरंधानेच का नेते. मशीनला घाट वगैरे काही दिसत नाही, तिच्या लेखी रस्त्यांचं जाळं म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, प्रत्येक रेघेला एक किंमत, मग ती किंमत मिनिटात असेल किंवा किलोमीटरमधे. कमीत कमी बेरजेचा मार्ग शोधायचा, एवढंच. ह्याची मूळ रीत डाइक्स्ट्रा नावाच्या डच माणसाने १९५६ मधे ॲमस्टरडॅममधे होणाऱ्या बायकोबरोबर कॉफी प्यायला बसला असताना वीसेक मिनिटात मनातल्या मनात काढली, कागद-पेन्सिल पण नव्हती. आता गोची किमतीची आहे. जुन्या सिस्टिममधे रस्त्याची किंमत त्याच्या दर्जावरून ठरते, नॅशनल हायवे म्हणजे इतका स्पीड, स्टेट हायवे म्हणजे इतका. तो हायवे नऊ वर्षं खणून ठेवलेला आहे, किंवा घाटात एसटी समोर आली की एकाने मागे घ्यायला लागतं, हे त्या आकड्यात कुठेच नाही. तुमच्या सेटिंगमधे रूट ऑप्शन बघा, बहुतेक 'शॉर्ट' निवडलेलं असेल, ते 'फास्ट' करा. आणि 'इको' असेल तर त्याच्या नादी लागू नका. एवढं करून ती कदाचित ताम्हिणी दाखवेल, कदाचित कुंभार्ली, पण वरंधाचा हट्ट सोडेल. वरंधा पावसाळ्यात कलेक्टरच्या आदेशाने बंद ठेवतात हे पण तिला कळत नाही, ती जुलैमधे पण तितक्याच प्रेमाने तिकडेच वळवते.

पण खरा उपाय म्हणजे मधले पॉइंट टाकणं. मेनूत 'ॲड वेपॉइंट' किंवा 'व्हाया' किंवा 'स्टॉपओव्हर' असं काहीतरी असेल. तुमच्यासाठी मल्हारपेठ, कोयनानगर, चिपळूणचा बहादूरशेख नाका, शृंगारतळी आणि मग गुहागर. एवढे पाच टाकले की तिला दुसरीकडे जायला जागाच उरत नाही. फक्त एक काळजी घ्या, आणि हे मी स्वतः खड्ड्यात पडून शिकलोय. पॉइंट कधीही डिव्हायडरवाल्या हायवेवर टाकायचा नाही. मी एकदा उंब्रजचा पॉइंट बेंगलोर हायवेवरच बोट ठेवून दिला, तो नेमका पुण्याकडे येणाऱ्या लेनवर पडला, मग काय, बाईने मला पुढे नेऊन वळवून उलटं आणून परत वळवायचा घाट घातला. म्हणून पॉइंट नेहमी वळण घेऊन झाल्यावर जो साधा रस्ता लागतो त्यावर टाकायचा, मल्हारपेठ त्यासाठीच सांगितलं. झूम पूर्ण करून रस्त्याच्या मधोमध. बाजूच्या गल्लीत पडला तर ती तुम्हाला त्या गल्लीत घालून परत बाहेर काढणार.

आणि चार दिवसांची एकच माळ करू नका. रोजचा वेगळा रूट. पुणे-गुहागर एक, गुहागर-गणपतीपुळे दुसरा, गणपतीपुळे-कोल्हापूर तिसरा (निवळी, हातखंबा, साखरपा, आंबा घाट, मलकापूर). सगळी ठिकाणं आधी फेव्हरिटमधे सेव्ह करून ठेवा म्हणजे सकाळी फक्त निवडायची. हे सगळं गाडी उभी असताना, बऱ्याच गाड्या चालू असताना टाइपच करू देत नाहीत. पण इंजिन बंद ठेवून एक तास स्क्रीन चालू ठेवू नका, माझी बॅटरी बसली होती, मग सोसायटीतल्या पोरांना धक्का मारायला बोलवलं.

स्टेपनी:
एवढं सगळं करण्यापेक्षा फोनवर दोन सेकंदात होतं की राव. आणि घाटात नेटवर्क गेलं तर तुमच्या गाडीचा जीपीएस पण जाणारच ना.

घाटमाथा:
नाही जात. हा गैरसमज अर्ध्या महाराष्ट्राचा आहे. जीपीएसला मोबाइल टॉवर लागत नाही, सिग्नल थेट सॅटेलाइटकडून येतो, २०,२०० किलोमीटर वरून, आणि चार सॅटेलाइट दिसले की जागा कळते. फोनचा निळा ठिपका पण नेटशिवाय चालतो हो, नेट लागतं ते मॅप आणि रूट उतरवायला. म्हणून तर ताईंचा रूट एकदा बंद झाल्यावर परत लागला नाही. घरून निघताना तेवढा भाग ऑफलाइन डाउनलोड केला असता तर फोननेही दाखवला असता, फक्त ट्रॅफिक कळलं नसतं. गाडीत सगळा देशच कार्डावर असतो, हा फरक.

आणखी एक गोष्ट फोनला जमत नाही. बोगद्यात सॅटेलाइट दिसत नाहीत, तिथे फोन गोंधळतो, पण इनबिल्टला चाकं किती फिरली आणि गाडी किती वळली हे सेन्सरवरून माहीत असतं, त्या हिशोबाने ती पुढे सरकत राहते. मुळात ही रीत सॅटेलाइटच्या आधीची आहे. होंडाने १९८१ साली जपानमधे असं यंत्र काढलं होतं, वळण मोजणाऱ्या जायरोवर चालणारं, नकाशा म्हणजे पारदर्शक फिल्म, ती सरकत जायची. गाडीत जीपीएसवालं नॅव्हिगेशन आलं ते १९९० मधे माझदाच्या गाडीत.

वाशिष्ठीकाठ:
ताई, मी चिपळूणचा. घाटमाथांनी रस्ता बरोबर सांगितलाय, कुंभार्लीनेच या. अंतर ताम्हिणीने आलात तरी फार वेगळं नाही, पण ताम्हिणीने माणगावला हायवेला लागलात की पुढे महाड, पोलादपूर, खेड सगळा मुंबई-गोवा हायवे आणि त्याची कथा मी इथे सांगत बसत नाही, सगळ्यांना माहितीये. कशेडीला आता बोगदा झालाय, जवळजवळ दोन किलोमीटरचा, घाट चढायला लागत नाही, पण तुमच्या जुन्या कार्डात तो नसणार, त्यामुळे त्या रस्त्याने आलात तर गाडी डोंगराच्या पोटात आणि स्क्रीनवर डोंगराच्या माथ्यावर रान तुडवत चाललेली दिसेल. घाबरून जुन्या घाटाला वळू नका, रस्त्यावरच्या पाट्या बघा.

गावांच्या नावांबद्दल. तुमचं खेड-राजगुरुनगर झालं ते काहीच नाही. आमच्या पाहुण्यांनी लातूरहून येताना मुरुड टाकलं, हर्णैजवळच्या मुरुडला यायचं होतं, आणि मशीन म्हणे तुम्ही पोचलात जवळजवळ, कारण लातूरजवळ पण मुरुड आहे. तिसरं मुरुड जंजिऱ्याचं. कर्जत दोन, नांदगावं किती ते मोजू नका. म्हणून नाव टाकलं की आधी लिस्टमधे जिल्हा बघायचा, मग ओके. जिल्हा दाखवत नसेल तर किलोमीटर बघा, पुण्यातून गुहागर तालुक्यातलं गाव चाळीस किलोमीटरवर दाखवत असेल तर समजायचं काय ते.

होमस्टे तिला मिळणार नाही, आमच्याकडे वाड्यांना पत्ता नसतोच, "देवळाच्या खालच्या अंगाला, फणसाच्या पुढे" हा पत्ता. होमस्टेवाल्याकडून लोकेशन मागवा आणि त्यातले अक्षांश-रेखांशाचे आकडे टाका.

फेरीबोटीचं असं आहे की तवसाळहून जयगडला गाडी बोटीत घालून जाता येतं, खाडी ओलांडली की गणपतीपुळे वीसेक किलोमीटर. मशीनमधे 'अव्हॉइड फेरी' टिक असेल ती काढा. टिक काढूनही नाही दाखवली तर समजा की कार्डात ती बोट नाहीये, मग सरळ तवसाळ जेटी हेच त्या सकाळचं डेस्टिनेशन करा, उतरल्यावर जयगडहून नवीन रूट लावा. आणि बोटीच्या वेळा तिला कळत नाहीत हां. रात्री उशिरा जेटीवर नेऊन उभं करेल आणि म्हणेल पुढे चला. पुढे खाडी! वेळ आदल्या दिवशी होमस्टेवाल्याला विचारा. बोट चुकलीच तर आबलोली करून भातगावच्या पुलावरून या, लांब पडतं पण रस्ता आहे. तो 'भलताच लांबचा' रस्ता तुम्हाला जो दाखवला तो बहुतेक हाच, तिचं तसं चुकलं नाही.

चिंचगूळ:
बापरे, किती छान सांगितलंत सगळ्यांनी. घाटमाथा दादा, शॉर्टच होतं सिलेक्ट! फास्ट केलं आणि पाच पॉइंट टाकले, आता हवा तोच रस्ता येतोय. फेरीची टिक पण होती, काढली.

होमस्टेवाल्यांनी लोकेशन पाठवलं, त्यातून आकडे काढले, ते १७.४८ आणि ७३.१९ च्या आसपास आहेत. गाडीत टाकायला गेले तर ती डिग्री, मिनिट, सेकंद असे तीन रकाने मागतेय. मी १७ डिग्री ४८ मिनिट आणि ७३ डिग्री १९ मिनिट टाकलं तर समुद्रापासून लांब कुठेतरी दापोली-खेडच्या वरच्या अंगाला दाखवतंय. चुकलं ना काहीतरी?

म्युनिकचा_मामा:
चुकलं. .४८ म्हणजे ४८ मिनिट नाही, एका डिग्रीत ६० मिनिटं असतात त्यामुळे ०.४८ गुणिले ६० म्हणजे २८.८ मिनिट. म्हणजे २८ मिनिट, आणि उरलेल्या ०.८ ला परत ६० ने गुणलं की ४८ सेकंद. तसंच ०.१९ चे ११ मिनिट २४ सेकंद. तर १७° २८' ४८" आणि ७३° ११' २४". तुमच्या पद्धतीने तुम्ही जवळजवळ ३८ किलोमीटर लांब गेला होतात. पण फक्त दोन दशांश घेऊ नका, त्याने एखादा किलोमीटर इकडे तिकडे होतो, लोकेशनमधे दशांश चिन्हानंतर जेवढे आकडे आहेत त्यातले निदान चार घ्या.

बाकी इकडे जर्मनीत इनबिल्टच वापरतात बरेच जण आणि त्यात मजा येते कारण एफएम रेडिओच्या सिग्नलमधूनच ट्रॅफिकची माहिती गाडीला मिळते, टीएमसी म्हणतात, त्याला इंटरनेट लागत नाही. पुढे जाम असेल तर रेडिओवर गाणं चालू असताना गुपचूप रूट बदलते. आणि ऑस्ट्रियाच्या ऑटोबानला टोलचा पास लागतो, तो घेतला नसेल तर ते रस्ते टाळ असंही सांगता येतं. गुहागरला ह्याचा काही उपयोग नाही, उगाच सांगितलं. पण ट्रॅफिकचं तुमच्याकडे तेवढं लक्षात ठेवा, तुमच्या कार्डाला जाम कळणार नाही, पुण्यातून बाहेर पडेपर्यंत फोन बघा आणि साताऱ्याच्या पुढे गाडीचं.

स्टेपनी:
म्हणजे शेवटी फोन लागतोच 😎

घाटमाथा:
लागतो की. मी कधी म्हटलं फेकून द्या? दोन्ही वापरा, आणि दोन्ही सांगत असले तरी समोर पाणी दिसलं की थांबा. नगरकडच्या अकोले तालुक्यात कोतूळचा जुना पूल धरणाच्या पाण्याखाली गेलेला होता आणि जानेवारी २०२१ मधे रात्री मॅपवर विसंबून गाडी तिथे गेली, एकाचा जीव गेला. कुठलंही मशीन असो, रात्री अनोळखी आतल्या रस्त्याने नेत असेल तर मी तरी मोठा रस्ता धरतो, अर्धा तास गेला तर गेला.

आणि ताई, कार्डाचा मॅप अपडेट मिळतो का ते सर्व्हिस सेंटरला विचारा. पण एसडी कार्ड उचकटून लॅपटॉपला लावून फॉरमॅट वगैरे करू नका, काही कार्डं त्या गाडीलाच बांधलेली असतात, एकदा बिघडलं की नवीनच घ्यायला लागतं.

वाशिष्ठीकाठ:
कोयनानगरला चहाला थांबा आणि घाट उजेडात उतरा. धुकं असतं सकाळी.

चिंचगूळ:
(वीस दिवसांनी)
जाऊन आलो! आधी सांगते, पाचही पॉइंट बरोबर लागले आणि उंब्रजला वळण अगदी वेळेवर सांगितलं, फक्त ती बाई त्याला 'अम्ब्राज' म्हणते आणि शृंगारतळीचं जे काय करते ते इथे लिहिता येत नाही. बाबांना पहिले पन्नास किलोमीटर तिचा राग आला, "मला माहितीये की" म्हणून प्रत्येक वाक्याला उत्तर देत होते, साताऱ्यानंतर मात्र ती गप्प बसली की "काय गं, बोलत का नाहीये ही" असं विचारायला लागले. घाटात माझ्या फोनला नेटवर्क शून्य होतं आणि गाडीचा मॅप शांतपणे चालू, पुढचं वळण किती तीव्र आहे ते स्क्रीनवर आधीच दिसतं त्याचा ड्रायव्हिंगला खरंच उपयोग झाला, हे कोणी सांगितलं नव्हतं मला.

होमस्टे आकड्यांनी अगदी फाटकापर्यंत. वेळेचा अंदाज मात्र साफ खोटा, तिने सांगितलं त्यापेक्षा सव्वा तास जास्त लागला, त्यात चहा-वडापाव वीस मिनिटं धरा. फेरी खरंच कार्डात नव्हती. तवसाळ जेटी टाकली, बोटीत चढलो, स्क्रीनवर गाडी निळ्या पाण्यात आणि ती बाई एकदम गप्प. आईने विचारलं बुडालो असं वाटलं का हिला. जयगडला उतरल्यावर नवीन रूट लावला, मालगुंडवरून गणपतीपुळे, जेवणाच्या वेळेत पोचलो. कोल्हापूरचा दिवस तर मी मॅप बघितलाच नाही फारसा, आंबा घाटात रस्ता एकच आहे.

एकच घोळ. परतीच्या रूटमधे मी कराडला एक पॉइंट टाकला होता, भाऊजींना भेटायचं म्हणून, ते ऐनवेळी पुण्यालाच आले होते म्हणून कराडला आत शिरलोच नाही, सरळ हायवेने आलो. ती काही तो विसरायला तयार नाही. काल ऑफिसला कोथरूडहून हिंजवडीला निघाले तर चांदणी चौकात म्हणतेय यू टर्न घ्या, कराड १६० किलोमीटर. हे घालवायचं कसं?

घाटमाथा:
😂 रूट मेनूमधे जाऊन 'कॅन्सल रूट' किंवा 'डिलीट ऑल वेपॉइंट'. नुसतं गाडी बंद केल्याने जात नाही, ती चालू केली की जिथे सोडलं तिथून पुढे धरते. वाटेतच असं झालं तर 'स्किप नेक्स्ट' असतं बहुतेक गाड्यांमधे.

स्टेपनी:
किंवा एकदा कराडला जाऊन या.